आठ महिन्यांची लेक, एकटा बाप आणि मुंबई-म्युनिक : विमानात बाळाला कसं सांभाळलंत?

ताकभात | २ मार्च, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर नुसता वाचत बसतो, आज गरजवंत म्हणून धागा काढतोय.

बायको जानेवारीत नोकरीसाठी म्युनिकला गेली. माझा आणि लेकीचा व्हिसा रखडला होता, तो गेल्या आठवड्यात हातात पडला. १४ मार्चच्या रात्री एक वाजता मुंबईहून थेट विमान आहे, साडेआठ-नऊ तासांचं. चिमी (घरातलं नाव) तेव्हा साडेआठ महिन्यांची असेल. वजन आठ किलो. खालचे दोन दात आलेत, वरचे येऊ घातलेत, त्यामुळे दिसेल ते तोंडात. आई गेल्यापासून बाटलीने पावडरचं दूध पिते, नाचणीचं सत्त्व आणि मऊ भात खाते. चोखणी तोंडात धरत नाही, भिरकावते.

माझी आई म्हणते, निघताना जायफळ उगाळून चाटव, पोर थेट जर्मनीत जागी होईल. शेजारचे काका म्हणतात कानात कापूस घाल. सासूबाई म्हणतात मीच येते सोबत. त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नाही.

यादी नकोय. यादी बायकोने पाठवली आहे, चार पानी. ज्यांनी हे केलंय त्यांनी काय चुकलं ते सांगा. आणि एक बावळट प्रश्न : मला स्वतःला बाथरूमला जायचं झालं तर हिला कुठे ठेवू?

तांबडापांढरा | २ मार्च, रात्री ११:२४

भावा, एकटा बाप, आठ महिन्यांचं पोरगं आणि नऊ तास? नाद खुळा. तुझा सत्कारच करायला पाहिजे. बाकी माहिती शून्य, पण धागा वाचतोय. आमच्याकडं जूनमध्ये हीच वेळ येणार हाय.

कोरांटी | ३ मार्च, सकाळी ८:०२

मी दोनदा केलाय हा प्रवास, एकदा सहा महिन्यांच्या मुलाबरोबर आणि एकदा सव्वा वर्षाच्या. चुका विचारल्यात, तर माझी सर्वात मोठी ऐका.

सगळे सांगतात की विमान उडताना बाळाला दूध पाजा, कान दुखत नाहीत. मी इमानेइतबारे उडताना पोटभर पाजलं. पोरगं खूश. मग उतरायच्या वेळी मी बाटली पुढे केली तर तोंड घट्ट मिटलेलं, कारण तासाभरापूर्वीच नाश्ता झाला होता. आणि खरी रड तिथेच सुरू झाली. दुखतं ते उतरताना. चढताना फारसं काही होत नाही.

तर भूक शिल्लक ठेवा. विमान जमिनीला टेकायच्या साधारण अर्धा तास आधी उतरायला लागतं. इंजिनाचा आवाज बदलतो, आपल्याच कानात दडे बसायला लागतात, तेव्हा बाटली द्यायची. पट्टे बांधायचा दिवा लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. त्याच्या आधीचा दीड-दोन तास काही खायला घालू नका, कितीही कुरकुरली तरी. आणि सगळी बाटली एका दमात संपू देऊ नका. दोन घोट, थोडं थांबा, परत दोन घोट. वीस-पंचवीस मिनिटं पुरली पाहिजे.

दुसरी चूक छोटी पण कपडे बदलायला लावणारी. जमिनीवर घट्ट झाकलेली बाटली वर जाऊन उघडली की आतली फुगलेली हवा दूध निपलमधून पिचकारीसारखं बाहेर फेकते. माझ्या शेजारच्या गृहस्थांच्या चष्म्यावर गेलं होतं. बाटलीचं झाकण आधी सैल करून हवा जाऊ द्यायची, मग तोंडात. स्ट्रॉच्या पाणी-बाटल्यांचंही तेच.

निवांतआजी | ३ मार्च, सकाळी ९:४५

ताकभात, तुझ्या आईचं ऐक. आम्ही चारही नातवंडांना गुटी दिली, त्यात जायफळाचे दोन वळसे असायचेच. गाढ झोप लागते, पोट धरतं. कानाला टोपडं बांध, आत कापूस. निघायच्या आधी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक. विमानतळावर दोनशे लोक बघणार पोरीकडे.

डॉ_पाऊसवेडी | ३ मार्च, दुपारी २:३०

बालरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे वाईटपणा माझ्याकडे.

आजी, जायफळ नको. घरी गुटीत दोन वळसे द्यावेत की नाही हा वेगळा वाद, तो इथे घालत नाही. पण "झोपावी म्हणून" दिलं की हात सैल सुटतो. जायफळात गुंगी आणणारे घटक असतात आणि जास्त झालं तर विषबाधा होते : छातीत धडधड, उलट्या, अस्वस्थपणा. किती उगाळलं गेलं ते मोजायला काही साधन नाही. हे घरी झालं तर आपण दवाखान्यात नेतो. अरबी समुद्रावर कुठे नेणार?

हीच गोष्ट सर्दीच्या सिरपची. ॲलर्जीची जुनी औषधं मोठ्यांना पेंगवतात म्हणून लोक बाळांना देतात. काही मुलांत त्याचा नेमका उलटा परिणाम होतो, मूल चेकाळतं आणि रात्रभर झोपत नाही. सर्दीच्या सिरपांमधलं क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापायला आपल्याकडच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय. ते झोपेसाठी तर अजिबातच नाही.

आता कापूस. कापसाने काही बिघडत नाही, आवाज जरा कमी येतो, पण दाब थांबत नाही. कापसातून हवा जाते. खेळ कानाच्या पडद्याच्या आतल्या बाजूला असतो. तिथे एक छोटी पोकळी आहे आणि ती घशाच्या मागे एका बारीक नळीने उघडते. विमान चढताना आतली हवा फुगून आपोआप बाहेर निसटते, म्हणून त्रास कमी. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो आणि नळी ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखी चिकटून बसते. गिळलं की ती क्षणभर उघडते. बाळांची नळी आपल्यापेक्षा आखूड, अरुंद आणि आडवी असते, शिवाय त्यांना मुद्दाम आवंढा गिळ म्हणून सांगता येत नाही. म्हणून बाटली. कोरांटी यांनी सांगितलेली वेळ अगदी बरोबर आहे.

विमान ३५ हजार फुटांवर असलं तरी आतला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवतात. आठ हजार फूट म्हणजे सुमारे २,४०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. थोडक्यात पोरगी कळसूबाईच्या बरीच वर बसून नऊ तास काढणार आणि मग अर्ध्या तासात खाली येणार. निरोगी बाळाला हे झेपतं.

सर्दी असेल, कान फुटलेला असेल किंवा आधीच्या आठवड्यात ताप येऊन गेला असेल तर मात्र निघायच्या दोन दिवस आधी कान तपासून घ्या. नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब उतरायच्या आधी नाकात घालायचे आणि नाक साफ करायचं.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पॅरासिटामॉल सोबत घ्या, पण इथलंच घ्या आणि डोस तुमच्या डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्या. आपल्याकडे थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं आणि सिरप ५ मिलिलिटरला १२० पासून २५० पर्यंत असतं. परदेशातली बाटली आणखी वेगळी. "अर्धा चमचा देत होतो" हा हिशेब देश बदलला की चुकतो.

निवांतआजी | ३ मार्च, दुपारी ४:१०

बरं बाई. नको जायफळ. आमची पोरं कशी वाढली कोण जाणे.

ताकभात, एक मात्र ऐकशील? बायकोचा एखादा जुना, वापरलेला, न धुतलेला कपडा घरात असेल तर तो घे. ओढणी असेल तर उत्तम. त्यात गुंडाळून झोपव. वासाने पोर शांत होते. हे डॉक्टरीण बाईंनाही मान्य असेल.

डॉ_पाऊसवेडी | ३ मार्च, दुपारी ४:२२

शंभर टक्के मान्य. फक्त झोपल्यावर तोंडावर येऊ द्यायची नाही.

केबिनकन्या | ३ मार्च, रात्री १०:५०

सहा वर्षं हवाईसुंदरी होते, आता सोडलं. तुमच्या "बावळट" प्रश्नापासून सुरुवात करते, कारण एकटे पालक तो विचारायला लाजतात आणि मग नऊ तास पाणी पीत नाहीत.

विमानात चढलात की मागच्या गॅलीत (विमानातलं छोटं स्वयंपाकघर) जाऊन क्रूला सांगून ठेवा : मी एकटा आहे, मध्ये एकदा-दोनदा पाच मिनिटं बाळाकडे बघाल का? जेवणाच्या गाड्या फिरत नसताना बहुतेक जणी आनंदाने घेतात. आम्हालाही तेवढाच विरंगुळा. पण गाडी रांगेत असताना किंवा विमान हेलकावे खात असताना कुणी घेऊ शकत नाही. तेव्हा जेवण वाटायच्या आधी जाऊन या.

बॅसिनेट मागितलीत का? नसेल तर उद्या सकाळी फोन करा. पुढच्या भिंतीवर अडकवायची ती बाळाची पाळण्यासारखी पाटी, मोजक्याच असतात. वजनाची मर्यादा कंपनीगणिक वेगळी, साधारण दहा-अकरा किलो. वजनाइतकीच लांबीही बघतात. आठ किलोची चिमी बसेल. पण दोन गोष्टी मनाशी धरा. एक, उडताना आणि उतरताना ती मिळत नाही. दोन, पट्ट्याचा दिवा लागला की झोपलेलं बाळसुद्धा उचलून मांडीवर घ्यावं लागतं. त्या वेळी आम्हाला शिव्या देऊ नका, हवेचा खड्डा सांगून येत नाही.

मांडीवर घेतल्यावर बाळाला छोटा पट्टा मिळेल, तो तुमच्या पट्ट्यात ओवायचा आणि तिच्या पोटाभोवती लावायचा. तुमचा पट्टा दोघांभोवती मिळून कधीही नाही. झटका बसला तर तुमच्या वजनाखाली तीच चेपते. छातीशी बांधायची झोळी घेतली असेल तर ती मधल्या वेळेत फिरवायला मस्त, उडता-उतरताना सोडायला सांगतात.

भिंतीजवळच्या जागेचा तोटा कुणी सांगत नाही. समोरच बाथरूम असतं, रात्रभर दार वाजतं, दिवा अंगावर येतो. पातळ मलमलचं दुपटं बॅसिनेटच्या कडेला लावून उजेड अडवा. पूर्ण झाकू नका.

पाणी : गॅलीतलं गरम पाणी चहाला ठीक. पावडरच्या दुधासाठी घरून उकळलेलं पाणी थर्मासमध्ये आणा. बाळाच्या दुधाला आणि पाण्याला १०० मिलिलिटरचा नियम लागत नाही, फक्त तपासणीला बाहेर काढून "बाळाचं आहे" म्हणून वेगळं दाखवायचं. प्रवासाला पुरेल तेवढंच. पावडर घरीच मोजून एकेका फीडची वेगळी डबी भरा. अंधारात, एका हाताने, चमचे मोजता येत नाहीत. मी लोकांना सात झाले की आठ म्हणून रडताना पाहिलंय.

अटलांटावाला | ४ मार्च, पहाटे ५:१५

सगळे मांडीवरच गृहीत धरताय. मला वेगळं तिकीट आणि कारसीट (गाडीत बाळाला बांधून बसवायची खुर्ची) हा पर्याय मांडू द्या.

१९ जुलै १९८९. डेन्व्हरहून शिकागोला निघालेलं डीसी-१० विमान. शेपटातल्या इंजिनाचा पंखा फुटला, हायड्रॉलिक्स (विमान वळवणारी यंत्रणा) गेलं, वैमानिकांनी ते कसंबसं आयोवातल्या सू सिटीला आपटत उतरवलं. शंभराहून जास्त माणसं गेली, पण त्याहून जास्त वाचली. त्या विमानात चार मुलं मांडीवरची होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे आईबापांना सांगितलं गेलं की त्यांना पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून ठेवा. एक मूल वाचलं नाही. आईबापांना तसं सांगणारी प्रमुख हवाईसुंदरी जॅन ब्राउन पुढे कित्येक वर्षं एकच मागणी करत राहिली : प्रत्येक बाळाला स्वतःची सीट.

ती सक्ती झाली नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने कारण दिलं की जादा तिकीट घ्यावं लागलं तर कुटुंबं गाडीने जातील, आणि रस्त्यावर मुलं जास्त मरतात. हिशेब खरा असेलही. पण शिफारस त्यांचीही कारसीटचीच आहे. आणि तो मांडीवरचा छोटा पट्टा अमेरिकेत चालत नाही, युरोपात-भारतात चालतो. एकाच आकाशात दोन नियम!

आम्ही दोन्ही मुलांना कारसीटमध्ये नेलं. तिथे रोजच्या गाडीसारखं वाटतं, त्यामुळे झोपतातही छान. विमानात चालते असं सीटवर लिहिलेलं असतं, तेवढं बघून घ्या.

जुनाखोडकर | ४ मार्च, सकाळी ७:५५

अटलांटावाले, माणूस दहा दिवसांत निघणार आहे आणि तुम्ही सकाळी सकाळी अपघात काढलात. मांडीवरच्या बाळाला तिकिटाच्या दहा टक्क्यांच्या आसपास लागतात. वेगळी सीट म्हणजे मोठ्या तिकिटाजवळ जाणार. पगारातून घ्यायचंय ना त्याला.

आणि ते बॅसिनेट-बिसिनेट कौतुक. १९९४ साली आम्ही महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूरहून नागपूरला जायचो. बायको दोन बर्थच्या साखळ्यांना जुनी साडी बांधायची, झाली झोळी. शेजारच्या डब्यातली माणसं झोका द्यायला यायची. आता एक मूल रडलं तर अख्खं विमान असं बघतं जणू याने बॉम्ब आणला.

मुंगीरांग | ४ मार्च, सकाळी ९:२०

यावरून आठवलं. हल्ली काही आईबाप शेजाऱ्यांना पुड्या वाटतात, आत चॉकलेट, कानात घालायचे बोळे आणि "मी सहा महिन्यांचा आहे, रडलो तर माफ करा" अशी चिठ्ठी. करावं का असं?

कोरांटी | ४ मार्च, सकाळी ९:३१

मुळीच नाही. बाळ तिकीट काढून बसलंय, दहा टक्क्यांचं का होईना. शेजाऱ्याकडे बघून एकदा हसा, पुरे. पुढच्या सीटला लाथा मारत असेल तेव्हा मात्र पाय धरायचे. ती जबाबदारी आपली.

जुनाखोडकर | ४ मार्च, सकाळी ९:४०

चिठ्ठीचं जाऊ द्या, चॉकलेट मिळणार असेल तर माझी हरकत नाही.

हडपसरचा_हरी | ४ मार्च, दुपारी १:०५

तुम्ही सगळे विमानातच अडकलात. ताकभात पुण्याचे असतील तर त्यांचा प्रवास संध्याकाळी साडेपाचला सुरू होतो, रात्री एकला नाही. एक्सप्रेस वे, मग पनवेल ते विमानतळ. चार तास तर धराच, शुक्रवार-शनिवार असेल तर पाच. बाळ गाडीत झोपून घेतं आणि विमानतळावर टक्क जागं होतं. आमचं हेच झालं. रात्री साडेबाराला पोरगं रांगेत लोकांचे टॅग ओढत होतं आणि मी उभ्या उभ्या पेंगत होतो.

फायदा एकच. खंडाळ्याचा घाट ही कानांची रंगीत तालीम आहे. खोपोलीकडे उतरताना बाटली देऊन बघा, घेते का.

ताकभात | ५ मार्च, रात्री १२:१५

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. बॅसिनेट मिळाली! शेवटची होती म्हणे. कारसीटचं बायकोशी बोललो, पण वेगळं तिकीट आता बजेटबाहेर आहे. अटलांटावाले, पुढच्या वेळी नक्की विचार करू.

बायकोची ओढणी कपाटात सापडली. दोन महिने कपाटात राहून तिला डांबरगोळ्यांचा वास लागलाय. चालेल का? आणि आई सोबत नसताना बाळ नेतोय तर काही कागद लागतो का? डायपर किती घेऊ?

कोरांटी | ५ मार्च, सकाळी ८:१०

आईचं संमतिपत्र घ्याच. मी, अमुक, माझ्या मुलीला तिच्या वडिलांबरोबर या तारखेला या विमानाने प्रवास करायला माझी हरकत नाही. सही, पासपोर्टची प्रत, जन्मदाखला. नोटरी केलेलं असेल तर उत्तम. दर वेळी विचारतीलच असं नाही, पण रात्री बाराला विचारलंच तर तिकडे फोन लावून काय उपयोग. बाळाचा पासपोर्ट तुमच्या पासपोर्टबरोबर एकाच पाऊचमध्ये, गळ्यात. पिशवीत नाही. पिशवीत केळं असतं.

डायपर : दर दोन तासांना एक या हिशेबाने, वर चार जास्त. घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंतचे तास मोजा, विमानाचे नाही. आणि स्वतःसाठी एक शर्ट. सगळे बाळाचे तीन जोड घेतात आणि स्वतः आंबट वासाच्या शर्टात इमिग्रेशनला उभे राहतात.

एक इशारा. एका विमानतळावर बाळांची खोली बायकांच्या बाथरूमच्या आत होती आणि माझ्या नवऱ्याला बाहेर काढलं गेलं. त्याने बाकावर डायपर बदलला. तेव्हा अंथरायची एक चटई हाताशी ठेवा. विमानात मात्र मोठ्या बाथरूममध्ये भिंतीतून खाली पडणारी फळी असते. कोणतं ते क्रूला विचारा.

डॉ_पाऊसवेडी | ५ मार्च, सकाळी ११:४०

डांबरगोळ्यांचा वास बाळाजवळ अजिबात नको, ती ओढणी घेऊ नका. त्यापेक्षा तुम्ही स्वतः दोन-तीन रात्री एखादं दुपटं उशाशी घेऊन झोपा. दोन महिने ती तुमच्याच वासाला झोपतेय.

केबिनची हवा फार कोरडी असते, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. साडेआठ महिन्यांची आहे, दुधाशिवाय मध्ये मध्ये चमच्याने पाणी द्या. ओठांना तूप लावा. सहा महिन्यांखालच्या बाळांच्या आयांनी हे वाचून पाणी देऊ नये, त्यांना दूधच जास्त वेळा.

ताकभात | १९ मार्च, रात्री १:३०

मंडळी, पोचलो. चार दिवस झाले, आज हात मोकळा झाला. चिमी पहाटे साडेतीनला उठून खेळतेय. तिच्या पोटात अजून पुण्याचे आठ वाजतात, साडेचार तासांचा फरक.

हरीभाऊंचं भाकीत तंतोतंत. गाडीत कळंबोलीपर्यंत घोरली, विमानतळावर तारवटून जागी. घाटात बाटली दिली तर घेतली, मला वाटलं जिंकलो. सुरक्षा तपासणीला थर्मास उघडायला लावला, वास घेतला, सोडलं. झोळीतून बाळ बाहेर काढायला लावलं आणि मग पट्टा, लॅपटॉप, बाळ, बूट, थर्मास असे पाच जिन्नस दोन हातांत. मागच्या एका आजोबांनी न विचारता चिमीला घेतलं. मी पट्टा लावेपर्यंत ती त्यांच्या मिशा ओढत होती. संमतिपत्र बघितलं, आतल्या सहीची पासपोर्टच्या सहीशी तुलना केली, परत दिलं. म्हणजे उपयोग झाला.

उड्डाणाला काही नाही. बाटली दिलीही नाही, कोरांटींच्या सांगण्यावरून भूक राखून ठेवली. हवेत गेल्यावर दिली, झाकण सैल करायला विसरलो, पिचकारी. शेजारी कुणी नव्हतं, माझाच शर्ट. दुसरा शर्ट वरच्या कप्प्यातल्या बॅगेत, चार बॅगांखाली. तेव्हा कोरांटी, शर्ट घ्या एवढं पुरत नाही, शर्ट पायाशी ठेवा असं लिहा.

बॅसिनेटमध्ये पावणेदोन तास झोपली. मग दिवा लागला, उचलली, उठली. पुन्हा झोपवली, परत दिवा. तिसऱ्यांदा मी तिला ठेवलीच नाही. छातीवर घेऊन बसलो, माझ्या दुपट्यात. सकाळपर्यंत तशीच. उजवा हात अजून दुखतो. क्रूमधल्या एका मुलीकडे जेवणाच्या आधी देऊन पाच मिनिटांत जाऊन आलो. केबिनकन्या, तुमचे आभार कसे मानू. परत आलो तर पोरगी गॅलीत बसून प्लास्टिकचे पेले एकात एक घालत होती. खेळणी सहा नेली होती, एकाला हात लावला नाही. ते चार पेले घरीपर्यंत आलेत.

आता उतरणं. आवाज बदलला तेव्हा ती गाढ झोपलेली. उठवू की नको? नाक मोकळं होतं. नाही उठवलं. दहा मिनिटांनी स्वतःच किंचाळून उठली, कानाला हात. बाटली तोंडाशी नेली तर ढकलली. पुन्हा दिली, पुन्हा ढकलली. तीन तास उपाशी ठेवलेली पोर, आणि दूध नको! घामाघूम झालो. मग चमचा आठवला. पाण्याचा एकेक चमचा, अर्धा सांडत, अर्धा गिळत. पाचव्या-सहाव्या चमच्याला रडणं हुंदक्यांवर आलं. पलीकडच्या रांगेतल्या एक गुजराती बाई काहीतरी गुणगुणायला लागल्या, ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि बघता बघता बाटली घेतली. चाकं टेकली तेव्हा चोखत होती.

बाहेर बायको उभी होती. चिमीने तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या मानेत तोंड खुपसलं. दोन महिने. बायको हसली, पण तिच्या हातातली फुलांची पिशवी थरथरत होती. बाहेर तीन अंश थंडी. गाडीत ती मागे चिमीशेजारी बसली. अर्ध्या वाटेत चिमीने तिचं बोट धरलं. तेवढंच, त्या दिवशी.

डॉ_पाऊसवेडी | १९ मार्च, सकाळी ९:००

झोपलेल्या बाळाला उतरताना उठवावं असं पुस्तक म्हणतं, कारण झोपेत गिळणं कमी होतं. माझ्या मुलाला मी स्वतः झोपू दिलं होतं, तो विमान थांबल्यावर उठला. तुमच्या पोरीने पुस्तकाची बाजू घेतली एवढंच. चमच्याची युक्ती उत्तम होती.

आणि या वयात मानेत तोंड खुपसणं अगदी नेहमीचं आहे. आईला सांगा, घ्यायची घाई करू नका, शेजारी बसून राहा. आठवडा-पंधरा दिवस.

निवांतआजी | १९ मार्च, सकाळी १०:१५

दृष्ट काढली होतीस का?

ताकभात | १९ मार्च, संध्याकाळी ६:४०

काढली आजी, आईने दारातच. डॉक्टर, ती आज बायकोच्या हातून मऊ भात जेवली.

तांबडापांढरा | २० मार्च, रात्री ११:०५

माझा प्रश्न राहिला. आमचं पोरगं जूनमध्ये जाताना एक वर्ष अकरा महिन्यांचं असणार आणि परत येताना दोन वर्षं आठवड्याचं. मांडीवरचं तिकीट परतीला चालतंय का?

केबिनकन्या | २१ मार्च, सकाळी ७:२०

नाही. वय प्रवासाच्या दिवसाचं धरतात, प्रत्येक उड्डाणाचं वेगळं. परतीला पूर्ण सीट घ्यावी लागेल. आत्ताच सांगून तिकीट काढा, काउंटरवर कळलं तर महाग पडतं.

तांबडापांढरा | २१ मार्च, सकाळी ७:२४

एका आठवड्यासाठी? वाढदिवस पुढं ढकलावा म्हणतो.